तर्काच्या समर्थनाचा प्रश्न

तर्काच्या समर्थनाचा प्रश्न हा ज्ञानमीमांसेतील एक जुना प्रश्न आहे. तर्काचे नियम ग्राह्य का मानावेत, याचे उत्तर देतानाही तर्कच वापरावा लागतो. त्यामुळे तर्कावरील विश्वास हीसुद्धा एक श्रद्धाच होय, असा आक्षेप धर्मश्रद्धेविषयीच्या वादांत घेतला जातो.

== भारतीय दर्शनांतील चर्चा ==
बौद्ध आचार्य नागार्जुन यांनी 'विग्रहव्यावर्तनी' या ग्रंथात प्रमाणांविषयी असाच पेच मांडला आहे. प्रमाणे अन्य प्रमाणांनी सिद्ध होत असतील, तर ही मालिका कोठेच थांबत नाही. यास 'अनवस्था' म्हणतात. ती प्रमाणांवाचून सिद्ध होत असतील, तर सर्व काही प्रमाणांनीच सिद्ध होते हा सिद्धान्त मोडतो. न्यायसूत्रांत या संदर्भात तराजूचा दृष्टान्त येतो. तराजूने सोने तोलतात. पण ज्ञात वजनाच्या सोन्याने तराजूचीही पारख करता येते. त्याप्रमाणे प्रमाण हे प्रसंगी परीक्षेचा विषय होऊ शकते.

== पाश्चात्त्य विचार ==
ॲरिस्टॉटलच्या मते अव्याघाताचा नियम सिद्ध करता येत नाही. मात्र तो नाकारणाऱ्याला काही अर्थपूर्ण बोलायचे झाल्यास तोच नियम पाळावा लागतो. कार्ल पॉपर यांनी १९४५ मध्ये विवेकवादाचा स्वीकार हा अखेरीस विवेकावरील श्रद्धेवर आधारलेला असतो, असे मान्य केले.

== महाराष्ट्रातील विवेकवाद ==
गोपाळ गणेश आगरकर यांनी १८८८ मध्ये 'सुधारक' पत्र सुरू केले. त्याच परंपरेत तत्त्वज्ञ दि. य. देशपांडे यांनी १९९० मध्ये नागपूर येथून 'नवा सुधारक' हे मासिक काढले. पुढे ते 'आजचा सुधारक' या नावाने ओळखले गेले. देशपांडे यांची 'विवेकवाद' ही लेखमाला आणि श्रद्धा व विवेक यांवरील वाद या मासिकात प्रसिद्ध झाले.

== आक्षेपाची मर्यादा ==
तर्काचे चक्रक दोषाविना समर्थन करता येत नाही, एवढे या आक्षेपाने दिसते. परंतु आक्षेप घेणाराही 'म्हणून' या शब्दाचा आधार घेतो, म्हणजेच तर्क वापरतो. विशिष्ट धर्मश्रद्धा नाकारताना मात्र ती श्रद्धा गृहीत धरावी लागत नाही. शिवाय सर्वच विश्वास सारखे मानल्यास श्रद्धावंतालाही अन्य कोणाच्या समजुतीस अंधश्रद्धा म्हणता येत नाही. उलटपक्षी, तर्क अपरिहार्य आहे एवढ्यावरून धर्मश्रद्धा असत्य ठरत नाही. त्यासाठी त्या त्या श्रद्धेचा पुरावा स्वतंत्रपणे तपासावा लागतो.