एआय एजंटला ‘टूल’ नीट समजावून कसं सांगायचं? आंबेनळी घाटाच्या उदाहरणातून समजून घ्या

पावसाळ्यात पोलादपूरहून महाबळेश्वरला निघण्याआधी एक प्रश्न हमखास विचारला जातो: आंबेनळी घाट सुरू आहे ना? हाच प्रश्न एखाद्या एआय एजंटला विचारला आणि घाटात दरड पडलेली असताना त्याने ‘रस्ता सुरू आहे’ असं सांगितलं, तर? अशा चुकीचं मूळ अनेकदा एजंटला दिलेल्या टूलच्या दोन-चार ओळींच्या वर्णनात सापडतं.

टूल म्हणजे काय?

साधा चॅटबॉट मजकूर लिहून देतो. एजंट कामंही करतो: माहिती शोधतो, तिकीट काढतो, मेल पाठवतो. त्यासाठी त्याला जोडून दिलेल्या छोट्या प्रोग्रामना ‘टूल’ म्हणतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने अशी टूल्स जोडण्यासाठी ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ (एमसीपी) ही खुली पद्धत जाहीर केली.

प्रत्येक टूलला नाव असतं, वर्णन असतं आणि त्याला कोणती माहिती द्यायची (ठिकाण, तारीख वगैरे) हे ठरलेलं असतं. टूलच्या आतला कोड मॉडेलला सहसा दिसत नाही. कोणतं टूल कधी वापरायचं, हे ते या तीन गोष्टी वाचूनच ठरवतं.

एका ओळीने काय बिघडतं?

समजा, एजंटकडे तीन टूल्स आहेत: पावसाची नोंद, हवामानाचा इशारा आणि रस्त्याची स्थिती. तिन्हींचं वर्णन ‘घाटाची माहिती देते’ एवढंच आहे. मग रस्त्याबद्दल विचारल्यावर एजंट हवामानाचा इशारा पाहील आणि ‘रेड अलर्ट नाही, म्हणजे रस्ता सुरू’ असा अंदाज बांधेल. पण पाऊस ओसरल्यावरही दरड कोसळू शकते.

दुसरी अडचण हद्दीची. पोलादपूर रायगड जिल्ह्यात आहे, तर महाबळेश्वर साताऱ्यात. हवामान विभागाचे इशारे जिल्हावार असतात. ‘दोन्ही जिल्ह्यांचे इशारे तपासा’ असं वर्णनात नसेल, तर एजंट एकाच जिल्ह्यावर थांबू शकतो.

तारीखही समजावून सांगावी लागते

हवामान विभागाची २४ तासांच्या पावसाची नोंद सकाळी ८.३० ला पूर्ण होते. २३ जुलै २०२१ रोजी सकाळी ८.३० ला संपलेल्या २४ तासांत महाबळेश्वरला ५९४ मिमी पाऊस नोंदला गेला. त्याच दिवसांत महाडला पूर आला, तळीये गावावर दरड कोसळली आणि आंबेनळी घाटातला रस्ता खचला.

त्या २४ तासांपैकी साडेपंधरा तास २२ तारखेचे होते. टूल कोणती तारीख देतं आणि आकडा मिलिमीटरमध्ये आहे का, हे लिहिलेलं नसेल, तर ‘२२ जुलैला किती पाऊस झाला?’ या प्रश्नाला एजंट आदल्याच दिवसाचा आकडा देईल.

चांगलं वर्णन कसं असतं?

रस्त्याच्या टूलसाठी असं लिहिता येईल:

“पोलादपूर–महाबळेश्वर रस्त्याची (आंबेनळी घाट) शेवटची नोंदवलेली स्थिती देते. रस्ता सुरू आहे की बंद, असं विचारल्यावर वापरा. पावसाच्या अंदाजासाठी वापरू नका. त्यासाठी ‘हवामान_इशारा’ हे टूल आहे. ‘अंबेनळी’ असं लिहिलं असेल तरी हाच घाट समजा. उत्तरात स्थिती आणि नोंदीची वेळ असते, दोन्ही सांगा. उत्तर रिकामं आलं, तर ‘नोंद उपलब्ध नाही’ असं सांगा. त्यावरून रस्ता सुरू आहे असं समजू नका.”

यात पाच गोष्टी आल्या:

• टूल काय करतं
• कधी वापरायचं
• कधी वापरायचं नाही
• उत्तर कोणत्या स्वरूपात येतं
• उत्तर आलं नाही तर काय करायचं

शेवटचा मुद्दा अनेकदा राहून जातो, आणि घाटासारख्या ठिकाणी तोच महागात पडू शकतो.

वर्णन बरोबर जमलं का, हे कसं तपासायचं?

लोक बोलतात तसे प्रश्न विचारून पाहा. ‘घाट चालू हाय का?’, ‘उद्या महाडहून महाबळेश्वरला जाता येईल का?’, ‘काल किती पाऊस पडला?’ प्रत्येक वेळी एजंटने कोणतं टूल निवडलं, ते बघा. चुकीचं निवडलं असेल, तर आधी वर्णनातली मोघम ओळ शोधा. मात्र, सगळं काही कोंबून वर्णन पानभर लांबवू नका. कामाची सूचना त्यात हरवते.

आणखी एक सोपी परीक्षा आहे. कामावर नव्याने आलेल्या माणसाला फक्त ते वर्णन वाचायला द्या. त्याला प्रश्न पडले, तर मॉडेलही तिथेच अडखळण्याची शक्यता आहे.

वर्णनाची मर्यादा

वर्णन कितीही चांगलं असलं, तरी जुनी नोंद ताजी होत नाही. दरड सकाळी पडली आणि नोंद आदल्या रात्रीची असेल, तर एजंटही आदल्या रात्रीचंच सांगणार. म्हणून उत्तरासोबत नोंदीची वेळ दिसायलाच हवी. ती जुनी वाटली, तर घाट चढण्याआधी पोलादपुरात गाडी थांबवून विचारलेलं बरं.