गॉडझिलाच्या बापाची गोष्ट

गॉडझिला म्हटलं की आपल्या पिढीला आठवतो १९९८ चा हॉलिवूडवाला, न्यूयॉर्कभर धुमाकूळ घालणारा. मूळ जपानी सिनेमा (१९५४) मी बराच उशिरा पाहिला, तोही रबरी सूटमधल्या माणसाला जरा हसावं म्हणून. हसू काही आलं नाही. हॉस्पिटलात एका लहान पोरापुढे गायगर काउंटर धरतात आणि डॉक्टर नुसती मान हलवतो. राक्षसपटात असा सीन कोण टाकतं?

तर तो टाकणारा इशिरो होंडा. (गाडीवाला नव्हे!) जन्म १९११ चा. १९३३ मध्ये स्टुडिओत चिकटला. तिथेच अकिरा कुरोसावा दोस्त झाला. पण होंडाला सैन्याचं बोलावणं आलं आणि मग ते येतच राहिलं. कुरोसावाचा पहिला सिनेमा १९४३ मध्ये आला. होंडा मात्र चीनमध्ये युद्धकैदी होऊन १९४६ मध्ये घरी परतला. वाटेत हिरोशिमा लागलं. तिथे काय उरलं होतं ते त्याने डोळ्यांनी पाहिलं. स्वतःचा पहिला कथापट करायला १९५१ उजाडलं, म्हणजे वयाची चाळिशी. तोवर असिस्टंटच. कुरोसावाच्या ‘स्ट्रे डॉग’साठी (१९४९) टोकियोच्या काळ्या बाजारात छुप्या कॅमेऱ्याने शूटिंग झालं, त्यात हीरो तोशिरो मिफुनेच्या जागी फिरणारा माणूस होंडाच!

मग आलं १९५४. १ मार्चला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. जवळच्या जपानी मासेमारी बोटीवरच्या २३ जणांवर किरणोत्सारी राख पडली, त्यातला रेडिओ ऑपरेटर सप्टेंबरमध्ये गेला. नोव्हेंबरमध्ये ‘गोजिरा’ लागला. सुरुवातच समुद्रात लख्ख उजेड पडून बोट पेटण्याने. थिएटरात बसलेल्या कुणालाही वेगळं समजवायची गरज नव्हती. त्सुबुरायाची मिनिएचर शहरं अफाट आहेत, पण मला विचाराल तर सिनेमा उभा राहतो तो जळक्या शहराकडे होंडा ज्या नजरेने बघतो तिच्यामुळे.

१९५६ मध्ये अमेरिकेत गेलेल्या आवृत्तीत रेमंड बरला मध्ये घुसवलं आणि लोकलमध्ये नागासाकीतून वाचल्याचं बोलणारी बाई उडवली. मूळ सिनेमा तिथल्या थिएटरांत धडपणे लागला तो २००४ मध्ये! जपानातही गोजिरा हळूहळू पोरांचा हीरो झाला. होंडाने ‘रोडान’, ‘मोथ्रा’, ‘मातांगो’ केले (शेवटचा तर बघाच, अळंबी खाणं सोडाल), पण स्टुडिओला हवे होते एकापेक्षा एक राक्षस आणि त्यांच्या कुस्त्या. १९७५ च्या ‘टेरर ऑफ मेकागॉडझिला’नंतर त्याने दिग्दर्शन थांबवलं.

आणि मग साठी-सत्तरीत हा माणूस पुन्हा कुरोसावाचा मदतनीस झाला. ‘कागेमुशा’, ‘रान’, ‘ड्रीम्स’, सगळीकडे. आपल्याकडे मॅनेजर झालेल्याला पुन्हा कोड लिही म्हटलं तर काय होईल, विचार करा. होंडाची यात हार झाली असं मला तरी वाटत नाही. ‘ड्रीम्स’मध्ये (१९९०) युद्धावरून परतणाऱ्या अधिकाऱ्याला बोगद्यातून आपली मेलेली पलटण येताना दिसते. ती पलटण चालते कशी, हे सेटवर होंडाइतकं कुणाला माहीत असणार?

शेवटचा सिनेमा ‘मादादायो’, म्हणजे ‘अजून नाही’. तो १९९३ च्या एप्रिलमध्ये लागला. होंडा २८ फेब्रुवारीलाच गेला होता.