आदिलशाहीतला बिशप

मंडळी, आपलं कागल घाटग्यांचं. त्यांना ‘सर्जेराव’ हा किताब आदिलशाहीतून मिळाला, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण त्याच आदिलशाहीसाठी रोमनं एक बिशप नेमला होता, हे आपण सहसा ऐकत नाही.

मातेउस द कास्त्रो हे त्याचं नाव. गोव्यातल्या दिवाडी बेटावरचा, ब्राह्मण मुळाच्या ख्रिस्ती घरातला. त्याला पाद्री व्हायचं होतं. गोव्याच्या आर्चबिशपनं दीक्षा नाकारली. एतद्देशीयाला वेदीवर उभं करायची पोर्तुगीजांची तयारी नव्हती. मग हा गृहस्थ सरळ रोमला गेला, तिथं शिकला, दीक्षित झाला.

इथं थोडं थांबू. पूर्वेकडचे बिशप नेमायचा हक्क पोपनं पोर्तुगालच्या राजाला देऊन ठेवला होता. रोमला तो आता जाचत होता. म्हणून १६२२ साली रोमनं धर्मप्रसाराची स्वतःची संस्था काढली. तिनं पळवाट अशी शोधली: विजापूरचं राज्य पोर्तुगालचं नाही, मग तिथं आपला माणूस नेमायला राजाला कशाला विचारायचं? १६३७ मध्ये कास्त्रो क्रिसोपोलिस या जुन्या शहराचा नावापुरता बिशप झाला आणि कामासाठी त्याला आदिलशाही मिळाली. म्हणजे पदवी एकीकडची, रयत दुसरीकडची!

गोव्यानं त्याची नेमणूक मानली नाही. तो डिचोलीला राहिला, आदिलशाही मुलखात, दिवाडीहून हाकेच्या अंतरावर म्हणा ना. तिथं त्यानं स्थानिक तरुणांना पाद्री केलं. सुलतान मुसलमान, बहुसंख्य रयत हिंदू, आणि बिशपचं वैर कुणाशी? तर ख्रिस्ती गोव्याशी.

पण त्याला संत करू नका. १६५३ साली त्यानं ‘ब्राह्मणांचा आरसा’ लिहिला. पोर्तुगीजांवर तो तुटून पडतो खरा, पण जातीचा ताठाही त्यात लपत नाही. ज्या दारातून आपल्याला हाकललं ते दार फक्त आपल्या जातीपुरतं उघडावं, एवढीच त्याची मागणी होती का? मला तरी तसंच दिसतं. शाहू महाराजांच्या जन्मघराण्याच्या या गावात तरी ते झाकून ठेवू नये.

१६५४ मध्ये आदिलशाही फौज बारदेश-साष्टीत शिरली. ती यानंच बोलावली, असा पोर्तुगीजांचा आरोप. पुढं तो रोमला परतला आणि तिथंच वारला. डिचोलीची गादी मात्र रिकामी राहिली नाही. १६६९ साली तिच्यावर कुस्तोदियो द पिन्यो नेमला गेला, तोही गोव्याचाच ब्राह्मण.