पट्टा पडल्यानंतरचा पगार

२९ फेब्रुवारी २०२० पासून महाराष्ट्र सरकारच्या कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. दुसरा आणि चौथा शनिवार आधीपासूनच सुटीचा होता, आता सगळेच शनिवार सुटले. बारामतीच्या किंवा इंदापूरच्या तहसील कचेरीतल्या कारकुनाचे कामाचे दिवस कमी झाले, पगार मात्र रुपयानेही उतरला नाही. बदल्यात रोजची वेळ पाऊण तासाने वाढली, एवढेच. याच दोन तालुक्यांत भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर, बिजवडी, शहाजीनगर इथे साखर कारखाने आहेत आणि त्यांच्या हजेरीपटावर अशीही माणसे आहेत, ज्यांचे दिवस कमी झाले की पगार कमी होतो. ती नोकरीत असतात, त्यांचा प्रॉव्हिडंट फंड कापला जातो, युनियनची पावती फाटते. पण वर्षाचा पगार ऊस किती दिवस पुरला यावर ठरतो. ही हंगामी माणसे. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप थांबले, की पुढचा सिझन सुरू होईपर्यंत त्यांच्या हाती जे येते, त्याला सगळे ‘रिटेन्शन’ म्हणतात.

या रिटेन्शनचे मूळ कारखान्याहून जुन्या एका गोष्टीत आहे. ती म्हणजे पाणी. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये वाहू लागला आणि बारामती-इंदापूरच्या कोरडवाहू रानात ऊस उभा राहिला. सुरुवातीला तो गुऱ्हाळात जात होता. १९३२ मध्ये सरकारने देशी साखर धंद्याला जकातीचे संरक्षण दिले आणि देशभर कारखाने उभे राहू लागले. इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या माळावर वालचंदनगर वसवले ते याच दशकात. ऊस तोडल्यावर त्याचा उतारा दिवसागणिक घसरतो, त्यामुळे तो साठवून वर्षभर गाळता येत नाही. थंडीत गव्हाणीत मोळी पडते आणि उन्हाळ्यात गव्हाण रिकामी होते. उरलेल्या महिन्यांत मिल खोलणे, बॉयलरच्या नळ्या साफ करणे, रोलर दुरुस्त करणे एवढेच काम राहते आणि त्याला थोडी माणसे पुरतात.

कायद्याने ही स्थिती फार लवकर मान्य केली, पण मालकाच्या बाजूने. १९३४ च्या कारखाना कायद्यात ‘हंगामी कारखाना’ असा वेगळा वर्गच होता. कापसाचे जिनिंग, चहा, कॉफी, नीळ यांच्या जोडीला साखर आणि गूळही त्यात घातले होते. बारमाही कारखान्यात दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तासांची मर्यादा होती, हंगामी कारखान्यात ती ११ आणि ६० तासांची. म्हणजे हंगाम आखूड आहे म्हणून माणसाकडून जास्त तास घ्यायची मुभा होती, आणि हंगाम संपल्यावर त्याला काय द्यायचे याबद्दल एक अक्षर नव्हते. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने तासांचा हा भेद मोडला आणि सगळ्यांना ४८ तासांचा आठवडा दिला. रिकाम्या महिन्यांचा प्रश्न तिथेही उरलाच.

१९५३ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात एक मोठी दुरुस्ती झाली. काम नाही म्हणून कामगाराला घरी बसवले, तर मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई द्यायची, असे कलम २५-क मध्ये आले. कामाचे दिवस घटले तरी पगार पूर्ण बुडू नये, याचा हा सगळ्यात स्पष्ट पाया. मात्र त्याच प्रकरणाच्या पहिल्याच कलमात हंगामी स्वरूपाचे कारखाने या भरपाईतून वगळले होते. गिरणी कामगाराला मिळालेला निम्म्या पगाराचा हक्क साखर कारखान्याच्या फाटकापाशी थांबला. माझ्या मते हंगामी कामगाराच्या आजच्या सगळ्या ओढाताणीचे मूळ या एका अपवादात आहे.

अपवादामुळे जी पोकळी राहिली, तिथे रिटेन्शन बसले. कशासाठी, हे प्रॉव्हिडंट फंडाच्या १९५२ च्या कायद्यात स्वच्छ लिहिलेले आहे: कारखाना बंद असताना कामगाराची सेवा राखून ठेवण्यासाठी दिलेला भत्ता. पॅनमन, फिटर, बॉयलर अटेंडंट ही माणसे एकदा दुसऱ्या कारखान्यात गेली की ऐन मोळीच्या वेळी सापडत नाहीत. त्यांना बांधून ठेवणे ही कारखान्याची गरज होती. १९५७ मध्ये केंद्र सरकारने साखर धंद्यासाठी पहिले वेतन मंडळ नेमले, १९६५ मध्ये दुसरे, आणि वेतन मंडळांच्या चौकटीत जी प्रमाणे रूढ झाली त्यांत ही गरज उघड दिसते. कुशल आणि कारकुनी कामगाराला पगाराच्या ५० टक्के, अर्धकुशलाला २५ आणि अकुशलाला १०. ज्याच्याविना कारखान्याचे अडते, त्याला निम्मा पगार. ज्याच्या जागी फाटकावर दुसरा उभा आहे, त्याला दहावा हिस्सा. घरी चूल किती दिवस पेटायची आहे, हे या हिशेबात कुठेच धरलेले नाही.

पन्नाशीच्या दशकात माळेगाव आणि भवानीनगरला सहकारी कारखाने उभे राहिले, पुढे सोमेश्वर, कर्मयोगी, नीरा-भीमा आले. मालक बदलले, सभासद शेतकरीच मालक झाले. खात्यांतली विभागणी मात्र तीच राहिली: कायम, हंगामी, रोजंदारी. हंगामीचा कायम होणे हा घरादाराच्या आयुष्यातला मोठा प्रसंग असतो आणि त्यासाठी माणसे वीस-वीस वर्षे थांबतात.

आता खरा हिशेब करू. समजा, कुशल हंगामी कामगाराचा महिन्याचा पगार २४,००० रुपये आहे आणि अकुशलाचा २०,०००. कारखाना सहा महिने चालला, तर कुशल माणसाला वर्षाकाठी १,४४,००० पगार आणि ७२,००० रिटेन्शन, मिळून २,१६,००० मिळतील. अकुशलाला १,२०,००० अधिक १२,०००, म्हणजे १,३२,०००. कारखाना तीनच महिने चालला, तर कुशल माणूस १,८०,००० वर येतो आणि अकुशल ७८,००० वर. पहिल्याची तूट सुमारे १७ टक्के, दुसऱ्याची ४१ टक्के. ज्याला मुळात कमी मिळते, त्यालाच आखूड हंगाम सगळ्यात जास्त कापतो.

हंगाम आखूड होण्याची कारणे दोन. एक दुष्काळ. २०१६-१७ च्या हंगामात राज्याचे साखर उत्पादन ४२ लाख टनांवर घसरले होते, पाच वर्षांनी २०२१-२२ मध्ये ते १३७ लाख टनांवर गेले आणि काही कारखाने जूनपर्यंत फिरत राहिले. पाण्याचे हे चढउतार जुनेच आहेत. दुसरे कारण माणसाने केलेले आहे आणि मला ते जास्त बोचते. पूर्वी रोज १,२५० टन गाळप हे कारखान्याचे प्रमाण माप मानत, पुढे ते २,५०० टन झाले, मग विस्तारीकरणे होत गेली. चार लाख टन ऊस असेल, तर रोज २,५०० टनांनी तो १६० दिवस पुरतो, ५,००० टनांनी ८० दिवस. सभासदाच्या दृष्टीने हे चांगलेच आहे, ऊस वेळेत जातो, रानात वाळत नाही. त्यात शेजारच्या खासगी कारखान्यांनी ऊस ओढला की दिवस आणखी घटतात. २०२४-२५ चा हंगाम राज्यातल्या अनेक कारखान्यांत शंभर दिवसही चालला नाही. यंत्रे मोठी झाली, साखर तेवढीच निघाली, आणि बचत झालेले दिवस हंगामी कामगाराच्या पगारातून वजा झाले. विस्तारीकरणाच्या प्रकल्प अहवालात या वजाबाकीला जागा नसते. सहवीज आणि डिस्टिलरीमुळे काही खाती सिझनबाहेरही चालतात, पण तिथे लागणारी माणसे मोजकी.

न्यायालयाचा आधारही अर्धाच. मोरिंडा सहकारी साखर कारखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरवले की हंगाम संपल्यावर काम थांबणे ही कामगारकपात नव्हे. कराडजवळच्या कृष्णा कारखान्याच्या प्रकरणातही तोच न्याय लावला गेला. कारखान्याने नोंदवही ठेवावी आणि पुढच्या हंगामात सेवाज्येष्ठतेने बोलवावे, असे मोरिंडाच्या निकालात सांगितले आहे. जागा टिकली. मधल्या महिन्यांचे काय, यावर त्यातून उत्तर मिळत नाही.

ग्रॅच्युइटीची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि ती सांगायलाच हवी. ग्रॅच्युइटीसाठी महिन्याचा पगार २६ ने भागून रोजचा दर काढायचा, ही पद्धत रविवारच्या सुटीतून आली. त्या सुटीसाठी नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत झगडले आणि १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी ती मान्य केली. चार रविवार वगळून महिना २६ दिवसांचा, हे ग्रॅच्युइटीसाठी सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये दिग्विजय वूलन मिल्सच्या निकालात उचलून धरले आणि १९८७ मध्ये कायद्यात तसे स्पष्टीकरण आले. कमी दिवसांनी भागले की रोजचा दर चढतो. सुटीमुळे कामगाराचा दिवस महाग झाला, अशी ही दुर्मीळ जागा. पण पुढच्या पायरीला भेद आहेच: कायम माणसाला दर वर्षाला १५ दिवसांचा पगार, हंगामीला दर हंगामाला ७ दिवसांचा. २०,००० पगारावर ते ११,५३८ आणि ५,३८५ रुपये होतात. एक दिलासा असा की इथे हंगाम मोजला जातो, त्याचे दिवस नव्हेत. कारखाना जितके दिवस चालला त्याच्या ७५ टक्के दिवस हजेरी असली की तो हंगाम पुरा धरतात, मग तो दीडशे दिवसांचा असो की ऐंशीचा. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ते सातच दिवस कायम ठेवले.

राज्यातल्या साखर कामगारांचा पगार त्रिपक्षीय कराराने ठरतो. १ एप्रिल २०१९ पासूनच्या करारात १२ टक्के वाढ मिळाली, १ एप्रिल २०२४ पासूनच्या करारात १० टक्के. दोन्ही वेळी मध्यस्थी बारामतीच्याच शरद पवारांची होती. ही वाढ मोलाची आहे. पण वरच्या उदाहरणातल्या अकुशल माणसाच्या ७८,००० वर १० टक्के चढवले तरी ८५,८०० होतात. सहा महिने चालणाऱ्या कारखान्यात तो जुन्या दरानेही १,३२,००० मिळवत होता. टक्केवारी महिन्याच्या पगारावर चढते आणि महिनेच कमी होत जातात.

म्हणून पुढच्या करारात मागायला हवी ती दिवसांची हमी: कारखाना ८० दिवस चालला तरी हंगामी कामगाराला किमान दीडशे दिवसांचा पगार. पैसा कुठून येणार, या प्रश्नाला वाट दाखवणारे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याणकारी महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या दर टनामागे १० रुपये घ्यायचे ठरले आहे. तसेच १० रुपये हंगामी कामगारांसाठी बाजूला काढले, तर पाच लाख टन गाळणाऱ्या कारखान्यात ५० लाख जमतात. तिथे ३०० हंगामी माणसे असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला १६,६६६ रुपये येतात. अकुशलाच्या १,३२,००० आणि ७८,००० मधल्या ५४,००० च्या तुटीतला हा तिसरा हिस्साही नाही. उरलेला भाग अकुशलाचे रिटेन्शन वाढवल्याशिवाय भरणार नाही: ते १० टक्क्यांवरून ५० वर नेले, तर नऊ रिकाम्या महिन्यांना १८,००० ऐवजी ९०,००० रुपये मिळतील.