दिवाळीचे वर्ष, मार्चचे वर्ष

2024 साली नरकचतुर्दशी नेमकी 31 ऑक्टोबरला आली. पहाटे घरातली सारी मुले अभ्यंगस्नान करून फराळाला बसली; एक पाट मात्र रिकामा राहिला. तो माझ्या पुतणीचा. सी. ए. होऊन मुंबईच्या एका करसल्लागारांच्या कचेरीत लागल्याला तिला जेमतेम वर्ष झाले होते. कंपन्यांची विवरणपत्रे भरण्याची मुदत 31 ऑक्टोबर. सरकारने ती पंधरा दिवसांनी वाढवली, तर पक्षकारांनी कागद धाडायलाही तितकाच उशीर लावला!

"स्वतःच्या घरची लक्ष्मी सोडून दुसऱ्याच्या लक्ष्मीचा हिशेब!" दादा करवादला.

मला आमचे आजोबा आठवले. ते आडतीच्या दुकानात दिवाणजी होते. त्यांचीही दिवाळी दुकानातच जायची. अमावास्येपर्यंत कीर्द-खतावणीचा ताळा जमला पाहिजे, कारण पाडव्याला नवी वही उघडायची. त्या काळी कायद्यालाही हे वर्ष मान्य होते. व्यापाऱ्याने दिवाळी ते दिवाळी हिशेब ठेवला, तर त्या वर्षाच्या उत्पन्नावर कर भरता येई. 31 मार्च 1989 ला संपलेल्या वर्षापासून ही मुभा गेली आणि साऱ्या देशाचे करवर्ष एक झाले. सरकारचे स्वतःचे वर्ष 1867 पासूनच 1 एप्रिलला सुरू होत होते.

वाचकहो, हा कर आपल्याकडे आला तो 1857 च्या उठावाच्या खर्चापायी. रिकामा खजिना भरायला विलायतेहून जेम्स विल्सन आले. हे गृहस्थ मूळचे टोप्या बनवणारे. पुढे त्यांनी 'इकॉनॉमिस्ट' हे पत्र काढले. दोनशे ते पाचशे रुपये वार्षिक उत्पन्नावर शेकडा 2 आणि त्यापुढे शेकडा 4 असा कर त्यांनी बसवला. मद्रासचे गव्हर्नर ट्रेव्हेलियन यांनी उघड विरोध केला, तर त्यांनाच परत बोलावण्यात आले. 24 जुलै 1860 रोजी कायदा झाला आणि 11 ऑगस्टला विल्सन कलकत्त्यात आमांशाने वारले. कर मात्र त्यांच्यामागे जगला. 1865 साली थांबला, पुन्हा आला. 1886, 1922 आणि 1961 असे एकामागून एक कायदे झाले. कायदा जसा गुंतत गेला, तसा तो उलगडून सांगणारा लागला. 1949 साली सनदी लेखापालांची संस्था स्थापन झाली, आणि त्याच वाटेने आमची पोर या धंद्यात शिरली.

भाऊबीजेला ती आली. डोळे तांबारलेले. मी म्हणालो, "अगं, तयार नफ्यावर टक्के काढायचे, त्याला एवढी रात्र कशाला?"

ती हसली. "काका, नफाच दोन असतात. वहीतला वेगळा, कराचा वेगळा. कंपनी कायद्यात यंत्र एका हिशेबाने झिजतं, करकायद्यात दुसऱ्या. एकेक खर्च उकलून बघावा लागतो."

मग हळूच तिने मनातले सांगितले. एका पक्षकाराने मुलीच्या लग्नातल्या जेवणावळीचे बिल 'विक्रीवाढीचा खर्च' म्हणून लावले होते. तारीख मुहूर्ताची! हा धंद्याचा खर्च नव्हे, वजा होणार नाही, असे तिने टिपणात लिहिले. वरिष्ठ म्हणाले, रक्कम किरकोळ आहे, सोडून दे. तिने टिपण मागे घेतले नाही. खर्च शेवटी वगळला गेला, पण ते काम तिच्याकडून काढून घेतले. "नोकरी सोडावी असं वाटतंय," ती म्हणाली.

दादा इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "आजोबांना एकदा मालकाने दुसरी वही लिहायला सांगितली होती. त्यांनी लेखणी खाली ठेवली. त्या दिवाळीला बक्षिसी मिळाली नाही. घरात करंज्या झाल्या नाहीत. पण दुकान त्यांनी सोडलं नाही. पुढं मालकच जिन्नस मोजायला त्यांना बसवू लागला."

पोरीने नोकरी सोडली नाही. 2025 साली नवा आयकर कायदा संमत झाला; 1 एप्रिल 2026 पासून अमलात येणाऱ्या त्या कायद्याने 'मागील वर्ष' आणि 'आकारणी वर्ष' ही जोडी मोडून 'करवर्ष' हा एकच शब्द ठेवला. तो पाठ करायचे काम आता तिच्यामागे आहे. दादा मात्र हल्ली दिनदर्शिका आली की आधी ऑक्टोबरचे पान उलटून बघतो आणि तिच्या फराळाचा डबा पार्सलने मुंबईला धाडतो.