एकच कोड, दोन वाघिणी आणि एक लांबचा प्रवास

यवतमाळ जिल्ह्यातल्या वाघांबद्दल वाचायला घेतलं की 'टी-१' हा कोड दोनदा भेटतो. एक टी-१ म्हणजे राळेगाव-पांढरकवडा भागातली अवनी. १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेल्या या वाघिणीला २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री गोळी घातली गेली. दुसरी टी-१ टिपेश्वर अभयारण्यातली. दोघींच्याही पिल्लांमध्ये एकेक 'सी-१' होता! अवनीचा सी-१ तेव्हा वर्षभराचाही नव्हता. टिपेश्वरचा सी-१ मात्र २०१६ च्या शेवटी जन्मलेला. म्हणून नुसता कोड पाहून थांबायचं नाही. वय, ठिकाण आणि अंगावरचे पट्टे जुळतात का ते बघायचं. नाहीतर एका वाघाचा इतिहास दुसऱ्याच्या नावावर चढतो.

टिपेश्वरच्या या सी-१ ला फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्था आणि वन विभागाने रेडिओ कॉलर लावली. वयात आलेला नर आईचं क्षेत्र सोडून स्वतःची जागा शोधतो. याला डिस्पर्सल म्हणतात. टिपेश्वर जेमतेम १४८ चौ. किमी, तिथे जागा कुठून मिळणार? जूनमध्ये तो निघाला. तेलंगणात शिरला, परत आला आणि हिंगोली, वाशीममार्गे डिसेंबरमध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पुढे 'वॉकर' हेच त्याचं नाव पडलं.

नऊ महिन्यांत ३,००० किमीहून जास्त चाल! पण हा आकडा आला कसा? कॉलर साधारण दर तासाला ठिकाण कळवायची. अशा पाच हजारांहून जास्त नोंदी सरळ रेषांनी जोडल्या की अंतर मिळतं. वाघ काही सरळ रेषेत चालत नाही, म्हणजे खरी चाल याहून जास्तच असणार. दर सहा तासांनी नोंद घेतली असती, तर त्याच वाघाचा प्रवास कागदावर छोटा झाला असता.

बहुतेक चाल रात्रीची. एवढ्या वाटेत माणसाशी गाठ पडून इजा झाली ती एकदाच, तीही लोक तो बसलेल्या झुडपात शिरले तेव्हा. यावरून 'वाघ निरुपद्रवी' असा निष्कर्ष निघत नाही, आणि अवनीवरून 'वाघ नरभक्षक' असाही नाही. दोन्हीकडे नमुना एकच.

ज्ञानगंगेत वाघीण नव्हती. एप्रिल २०२० मध्ये कॉलर निघाली आणि त्याबरोबर नोंदीही थांबल्या. वाघ पुढे चालतच राहिला असेल, पण आपला डेटा तिथे संपतो. प्रबंधातही ते तसंच लिहायचं.