रमाबाईंचं परिवर्तन नेमकं कोणत्या साली झालं?

पंडिता रमाबाई ख्रिस्ती कधी झाल्या? परीक्षेत विचारलं तर उत्तर सोपं आहे: २९ सप्टेंबर १८८३, इंग्लंडमधलं वाँटेज. पण रिसर्च करायला बसलात की एवढं उत्तर पुरत नाही. कारण १९०७ च्या आत्मनिवेदनात रमाबाई स्वतःच वेगळं सांगतात. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळालाय, पण ख्रिस्त मिळालेला नाही. पापांची क्षमा आपल्या कर्तबगारीने कमवता येत नाही, ती विश्वासाने स्वीकारायची असते, हे त्यांना तेव्हा पटलं.

मग खरं साल कोणतं, १८८३ की १८९१?

आता साधनं शेजारी-शेजारी ठेवा. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार त्या-त्या वेळचा आहे. त्यात रमाबाई त्रैक्याच्या सिद्धान्तावर वाद घालतात, चर्चचं म्हणणं मुकाट मान्य करत नाहीत. आत्मनिवेदन त्यानंतर बऱ्याच वर्षांनी लिहिलेलं, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली झालेल्या धार्मिक जागृतीनंतरचं. मागे वळून बघताना माणूस जुन्या घटनांना आजचा अर्थ लावतो. म्हणून काही ते खोटं ठरत नाही. पण १८८० च्या दशकातलं मन समजून घ्यायचं तर आधी पत्रं वाचायची.

तिसरं साधन आपण हमखास विसरतो, ते म्हणजे काम. लंडनमधल्या फुलहॅमला समाजाने 'पतित' ठरवलेल्या बायकांची सेवा करणाऱ्या सिस्टर्स रमाबाईंनी पाहिल्या. हे का करता, असं विचारल्यावर त्यांना येशू आणि शोमरोनी बाईची गोष्ट ऐकायला मिळाली. हा प्रसंगही आत्मनिवेदनातलाच, म्हणजे आठवणीतला. पण पुढे केडगावला अशाच बायकांसाठी 'कृपा सदन' उभं राहिलं, ती काही नुसती आठवण नव्हे. ज्यांना घरचे परत घेत नव्हते, त्यांना तिथे आसरा मिळाला.

एखाद्याला क्षमा मिळाली की नाही, हे इतिहासकार सिद्ध करू शकत नाही. तो आपला प्रांतच नाही. पण क्षमा मिळाली असं मानणाऱ्या बाईने पुढे काय केलं, हे नक्की तपासता येतं. त्यामुळे माझ्या टिपणात मी एक साल लिहीत नाही. दोन्ही लिहिते, आणि प्रत्येकासमोर ते कोणत्या साधनातून आलं हेही. तुम्हीही ही सवय आत्तापासूनच लावून घ्या.